ठिबक सिंचनातील पाण्याचा दाब व समान वितरण

ठिबक सिंचनात पिकाच्या मुळांजवळ थेंबाथेंबाने पाणी दिले जाते. शेतातील प्रत्येक झाडाला जवळपास सारखे पाणी मिळणे, यास समान वितरण म्हणतात. ते मुख्यतः नळ्यांमधील पाण्याच्या दाबावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत केळी, कापूस इत्यादी पिकांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

पार्श्वभूमी

तापी खोऱ्यातील रावेर, यावल व चोपडा हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत. केळीला वर्षभर पाणी लागते आणि ते बहुतांशी विहिरी व कूपनलिकांतून उपसले जाते. भवरलाल जैन यांनी जळगाव येथे स्थापन केलेल्या जैन इरिगेशन सिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या भागात ठिबक सिंचनाचा प्रसार केला. पाटपाण्याच्या तुलनेत ठिबकमुळे पाण्याची बचत होते. परंतु वितरण असमान असल्यास या बचतीचा मोठा भाग वाया जातो.

दाब आणि विसर्ग

पाणी पंपापासून गाळण यंत्रणा, मुख्य नळी, उपमुख्य नळी (सबमेन) व लॅटरल यांतून ड्रिपरपर्यंत पोहोचते. साध्या ड्रिपरचा विसर्ग साधारणतः दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उदाहरणार्थ, १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला ताशी ४ लिटर पाणी देणाऱ्या ड्रिपरजवळचा दाब ०.६४ इतका उतरल्यास त्याचा विसर्ग ताशी ३.२ लिटर होतो. चार तासांत पहिल्या झाडाला १६ लिटर, तर शेवटच्या झाडाला १२.८ लिटर पाणी मिळते. ठिबकमधून विद्राव्य खते दिल्यास त्यांचे वाटपही याच प्रमाणात असमान होते.

म्हणूनच एका भागातील ड्रिपरच्या विसर्गातील फरक सुमारे १० टक्के व त्यासाठी दाबातील फरक सुमारे २० टक्के यांच्या आत ठेवावा, असा संकेत आराखडा करताना पाळला जातो.

दाबात फरक पडण्याची कारणे

घर्षण : नळीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे दाब घटत जातो. ड्रिपरमधील अंतर तेच ठेवून लॅटरलची लांबी दुप्पट केल्यास तिच्यातील प्रवाहही दुप्पट होतो आणि घर्षणहानी साडेसहा ते सात पट वाढते. यामुळे जुन्या लॅटरलला तुकडा जोडून ती वाढवणे महागात पडते.

चढ-उतार : १ मीटर चढामुळे दाब सुमारे ०.१ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर कमी होतो व तेवढ्याच उतारामुळे वाढतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा साक्री परिसरातील चढ-उताराच्या शेतांत ही बाब महत्त्वाची ठरते.

पंपाची स्थिती : उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेल्यास किंवा विजेचा दाब कमी असल्यास पंपाकडून मिळणारा दाब घटतो. मर्यादित तासांच्या वीजपुरवठ्यात सर्व क्षेत्र भिजावे म्हणून एकाच वेळी अधिक व्हॉल्व्ह उघडले, तर सर्वच ठिकाणचा दाब उतरतो आणि टोकाकडील झाडे उपाशी राहतात.

गाळ व क्षार : वाळू, शेवाळ, लोह व क्षार यांमुळे गाळणी तुंबते आणि ड्रिपर बंद पडतात.

परिणाम

टोकाची झाडे सुकू लागली की शेतकरी सिंचनाचा कालावधी वाढवतो. त्यामुळे सुरुवातीच्या झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी मिळते, काळ्या जमिनीत मुळांभोवतीची हवा खेळती राहत नाही आणि खते मुळांखाली वाहून जातात. केळीच्या बागेत वाढ मागेपुढे होते, घडांचे वजन कमी-जास्त येते व कापणी लांबते.

मोजमाप

शेतातील चार लॅटरल निवडून प्रत्येकीवर चार ठिकाणी ठरावीक वेळ पाणी भांड्यात जमा करतात. या १६ मोजमापांपैकी सर्वांत कमी चारांच्या सरासरीला एकूण सरासरीने भागून १०० ने गुणले असता वितरणाची टक्केवारी मिळते. एकूण सरासरी ताशी ४ लिटर व किमान चारांची ३.६ लिटर असल्यास ती ९० टक्के येते. हे चांगल्या संचाचे लक्षण मानले जाते. टोकाला दाब पुरेसा असूनही विसर्ग कमी असेल, तर ड्रिपर तुंबल्याची शक्यता असते. दाबच कमी असेल, तर दोष पंप, गळती, गाळणी किंवा आराखड्यात शोधावा लागतो.

उपाय

सबमेन शेताच्या मध्यातून नेऊन दोन्ही बाजूंस आखूड लॅटरल जोडणे, क्षेत्राचे भाग पाडून आळीपाळीने पाणी देणे आणि लॅटरल शक्यतो समपातळीत किंवा सौम्य उताराच्या दिशेने अंथरणे, हे मूलभूत उपाय आहेत. चढ-उताराच्या जमिनीत दाब-नियंत्रित ड्रिपर उपयुक्त ठरतात. ते ठरावीक मर्यादेत दाब बदलला तरी विसर्ग जवळपास स्थिर ठेवतात, मात्र त्यांची किंमत अधिक असते व मर्यादेपेक्षा कमी दाबावर त्यांचा उपयोग होत नाही.

गाळणीच्या आधी व नंतर दाबमापक बसवल्यास दोहोंतील वाढत्या फरकावरून गाळणी धुण्याची वेळ कळते. लॅटरलची टोके नियमितपणे उघडून गाळ बाहेर सोडणे, क्षारांसाठी आम्ल प्रक्रिया व शेवाळासाठी क्लोरीन प्रक्रिया करणे, ही देखभालीची नेहमीची कामे होत.