रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा खरा

कोविड बरा झाला, रिपोर्टही नॉर्मल आले, मग आता कसला थकवा? सुरतेत लिंबायत-उधन्याच्या मराठी वस्तीत लूमवर १२ तासांची पाळी करणाऱ्याला हा प्रश्न टोचतो. काही जण याला कामचुकारपणा म्हणतात, तर काही जण प्रत्येक दुखण्याचं खापर कोविडवर फोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची (कोविडनंतर रेंगाळणारा आजार) व्याख्या केली: लागण झाल्यापासून साधारण ३ महिन्यांनी दिसणारी, किमान २ महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने न उलगडणारी लक्षणं. थकवा, धाप आणि विसराळूपणा ही त्यांतली प्रमुख.

२००६ मध्ये तापीचा पूर ओसरला, तरी घरांत गाळ आणि भिंतींत ओल राहिलीच. तसंच संसर्ग ओसरल्यावरही शरीराची घडी लगेच बसत नाही. रक्ततपासणी किंवा छातीचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. या आजाराचं निदान पक्कं करणारी एकच अशी चाचणी अजून नाही.

मात्र रक्तक्षय (हिमोग्लोबिन कमी असणं), थायरॉइड, मधुमेह आणि क्षयरोग आधी तपासून घ्यावेत. श्रमानंतर थकवा वाढत असेल, तर दुखणं अंगावर काढू नका. कामाचे टप्पे पाडा आणि डॉक्टरांना दाखवा.