मृगातील तेजोमेघ : छायाचित्रातील लाल आणि दुर्बिणीतील हिरवट

मृग नक्षत्रातील तेजोमेघ (मेसिए ४२) हा उत्सर्जन तेजोमेघाचा सर्वपरिचित नमुना होय. महाविद्यालयांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांत तो हमखास दाखविला जातो आणि हमखास निराशाही करतो. पुस्तकातील लालगुलाबी छायाचित्र पाहून आलेल्या विद्यार्थ्यास दुर्बिणीत राखाडी, फार तर किंचित हिरवट धूसर डाग दिसतो. दुर्बीण लहान आहे, एवढे सांगून बहुधा वेळ मारून नेली जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. प्रस्तुत लेखात या फरकाची कारणमीमांसा केली आहे.

व्याधाचा बाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे अंतरावर हा वायुमेघ आहे. त्याच्या गाभ्यात समलंब चौकोनात मांडल्यासारखे चार तरुण तारे लहान दुर्बिणीतूनही सुटे दिसतात. त्यांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन मुक्त करतात. हे इलेक्ट्रॉन प्रोटॉनशी पुन्हा संयोग पावून पायरीपायरीने खालच्या ऊर्जापातळीवर उतरताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश बाहेर पडतो. छायाचित्रात तोच ठसतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील दंडपेशी मात्र या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. त्यांची संवेदनक्षमता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. आणि तेजोमेघाची प्रखर हिरवी रेषा नेमकी तेथेच, ५००.७ नॅनोमीटरवर आहे. दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून मेघ राखाडी भासतो. केवळ तेजस्वी गाभ्यापाशी रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काहीशा जागृत होतात आणि हिरवट छटा जाणवते.

या हिरव्या रेषेने शास्त्रज्ञांना साठ वर्षांहून अधिक काळ चकविले. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाच्या वर्णपटात ती प्रथम पाहिली. पुढे मृगातही ती आढळली. ज्ञात असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. यात हसण्यासारखे काही नाही; सूर्याच्या वर्णपटात आधी आढळलेला हेलियम १८९५ मध्ये पृथ्वीवरही सापडला होता. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला, की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. प्रयोगशाळेतील वायूत असा उत्तेजित ऑक्सिजन प्रकाश देण्यापूर्वीच इतर कणांवर आदळून ऊर्जा गमावतो. तेजोमेघ इतका विरळ, की तेथे त्याला पुरेशी उसंत मिळते.

निरीक्षणासाठी जानेवारी-फेब्रुवारीतील चांदणे नसलेली रात्र निवडावी, वीस मिनिटे डोळे अंधारात ठेवावेत आणि मेघाकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. ऑक्सिजनच्या रेषेचाच प्रकाश जाऊ देणारा फिल्टर नेत्रिकेला लावल्यास शहरी उजेडातही मेघाचे पसरलेले पंख अधिक उठून दिसतात.