नावाआधीच नष्ट होणाऱ्या पाली

बेंगळुरू हे तंत्रज्ञानाचे शहर म्हणून जगाला ठाऊक आहे; ते एका पालीचेही शहर आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. शेपटी वगळता जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची ही सडपातळ, निशाचर पाल ‘हेमिफायलोडॅक्टिलस ज्ञाना’ या नावाने 2019 मध्ये विज्ञानविश्वात दाखल झाली. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रासारख्या ज्या संशोधन संस्थांच्या आवारात ती आढळली, त्यांच्या सन्मानार्थ तिला ‘ज्ञाना’ हे नाव मिळाले.

ही पाल तोवर कोणी पाहिलीच नव्हती, असे नाही. 1870 मध्ये मद्रास इलाख्यातील वनाधिकारी बेडोम यांनी शेवरॉय टेकड्यांवरून या प्रजातीतील ‘ऑरँटिॲकस’ या जातीचे वर्णन केले. त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे दक्षिण भारतातील अशा साऱ्या पाली त्याच एका नावाखाली मोडत राहिल्या. इशान अग्रवाल, अक्षय खांडेकर, वरद गिरी, उमा रामकृष्णन आणि प्रवीण कारंथ यांनी जनुकीय व शारीरिक तुलना केली, तेव्हा एका नावाआड डझनभर वंशशाखा दडल्याचे दिसले. उष्ण, कोरड्या मैदानांनी एकमेकींपासून तोडलेल्या उंच, थंड टेकड्या या पालींसाठी बेटेच ठरल्या होत्या. बेंगळुरूसह कोल्ली टेकड्या व अराकू येथील तीन जातींना त्या वेळी नावे मिळाली. पुढे गोव्यातूनही एका जातीची नोंद झाली.

हा केवळ नामकरणाचा प्रश्न नाही. एकच जाती दक्षिणेत सर्वदूर पसरलेली आहे असे मानले, तर एखाद्या टेकडीवरील तिचा नाश किरकोळ ठरतो. तीच स्वतंत्र जाती असेल, तर ती टेकडी गमावणे म्हणजे ती जातीच गमावणे. वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार त्याच्या अनुसूचींतील नावे हा आहे. ज्याला नाव नाही, त्याला अनुसूचीत स्थान कसे मिळणार? शिवाय 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असलेल्या इमारतींना पर्यावरणीय पूर्वमंजुरी लागत नाही. शहरातील जुनी झाडे व भिंती बहुधा अशाच तुकड्या-तुकड्यांनी नाहीशा होतात.

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवणे अपेक्षित आहे. त्यांत वाघ-हत्तींबरोबर पालींनाही जागा हवी आणि ती भरण्यासाठी वर्गीकरणतज्ज्ञांना पदे व निधी हवा. मोजदादच झाली नाही, तर हानीचा हिशेबही मांडता येणार नाही.