बंध ध्रुवीय, मग रेणूही ध्रुवीय?

बंध ध्रुवीय असले की रेणूही ध्रुवीय असणार, असं अकरावीत बरेच जण धरून चालतात. बोरॉन ट्रायफ्लोराइड पाहा. तिन्ही बंध चांगलेच ध्रुवीय, पण रेणू सपाट आणि कोन १२०°. तिन्ही ओढी एकमेकींना रद्द करतात आणि द्विध्रुव आघूर्ण शून्य!

आता बोरॉनच्या जागी नायट्रोजन ठेवा. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची एक एकाकी जोडी असते. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ साली मांडलेल्या विचारानुसार ही जोडी बंधांना दूर रेटते आणि रेणू पिरॅमिडसारखा होतो.

अमोनियाही असाच पिरॅमिड. मग फ्लोरिन असलेला रेणू जास्त ध्रुवीय हवा ना? नेमकं उलट! अमोनियाचं आघूर्ण सुमारे १.४७ डिबाय, तर नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचं जेमतेम ०.२३. अमोनियात बंधांची ओढ आणि एकाकी जोडी एकाच दिशेला, म्हणून बेरीज. फ्लोरिन मात्र इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशेला खेचतो, म्हणून वजाबाकी. मला तर हे उदाहरण पाण्याच्या नेहमीच्या उदाहरणापेक्षाही सरस वाटतं.

तेव्हा आधी एकाकी जोड्या मोजा, मग आकार काढा. ध्रुवीयतेचे बाण त्यानंतरच!