दोनशेत एक

हल्ली बाळाच्या आधी घरात त्याच्या तपासण्यांची फाइल येते. आमच्या पिढीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन एवढ्यावर नऊ महिने निभावत. आता डबल मार्कर, एनटी स्कॅन, एनआयपीटी हे शब्द स्वयंपाकघरातही ऐकू येतात. त्यांचा अर्थ मात्र रिपोर्ट हाती पडल्यावर शोधला जातो.

माझ्या पुतणीच्या बाबतीत तसंच झालं. बारावा आठवडा, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क, १:२००’. वहिनी देवापुढे जाऊन बसल्या. भाऊ म्हणाला, ‘तू बँकेतला. आकडे तुला कळतात, तूच सांग.’

आकडा अवघड नव्हता. असा रिपोर्ट आलेल्या २०० बायका ओळीनं उभ्या केल्या, तर त्यांतल्या १९९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. बँकेत चेकवरची सही नमुन्याशी जुळली नाही की आम्ही तो बाजूला ठेवत असू. तो खोटा ठरला असं नव्हे, त्याची चौकशी करायची एवढंच. चाळणी आणि निदान यांत हाच फरक आहे.

आईच्या रक्तातले दोन घटक, बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी आणि आईचं वय यांवरून ११ ते १४ आठवड्यांत ही शक्यता काढतात. चाळणीतून काही बाळं निसटतात आणि शंभरातल्या सुमारे पाच जणींना उगाच धास्ती बसते. दहाव्या आठवड्यापासून होणारी एनआयपीटी आईच्या रक्तात वारेतून उतरलेला डीएनए तपासते. ती अधिक अचूक आणि बरीच महाग, पण तीही चाळणीच. पक्कं निदान वारेचा कण किंवा, १५ आठवड्यांनंतर, गर्भजल तपासूनच होतं. त्यात गर्भपाताचा धोका थोडा असतो, पण असतो.

पुतणी सगळं ऐकून म्हणाली, ‘निकाल वाईट आला तर मी काय करीन, ते आधी मला ठरवू दे.’ दोन दिवसांनी तिनं गर्भजल तपासायचं ठरवलं. पुढचे काही आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. निकाल निर्दोष आला. तो उलटा आला असता तरी तिचा प्रश्न तितकाच योग्य होता. काहीजणी तोच प्रश्न स्वतःला विचारून पुढची तपासणी नाकारतात, तोही निर्णयच.

एका तपासणीबद्दल मात्र दुमत नसावं. थॅलेसेमियाची रक्ततपासणी साधी आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारांत एका बाळाला आजाराची शक्यता असते. छत्तीस गुण जुळवणाऱ्या आपल्या समाजानं हा सदतिसावा लग्नाआधीच पाहायला काय हरकत आहे?

या तंत्रानं आपण काय केलं, हेही विसरू नये. गर्भजल परीक्षेचा वापर मुली खुडण्यासाठी होऊ लागला, म्हणून महाराष्ट्रानं १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं, तर २४ आठवड्यांची मर्यादा आता आड येत नाही. आणि सज्ञान स्त्रीच्या बाबतीत त्या कागदावर सही लागते ती तिची एकटीची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आकडे कळणाऱ्या काकाचीही नाही.