संकरित बाजरीचे दाणे पुन्हा का पेरू नयेत?

शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या कोरडवाहू टापूत बाजरीची उत्तम कणसे निवडून बियाण्यासाठी राखण्याची चाल जुनी आहे. देशी बाजरीच्या बाबतीत ती योग्यच होती. तथापि १९६५ साली एच. बी. १ हा संकरित वाण प्रसारित झाला आणि शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला : कणीस एवढे भरदार, मग त्याचेच दाणे पेरल्यास पीक का बिघडावे?

याचे उत्तर कणसात परागकण व बीजांड तयार होताना घडणाऱ्या क्रियेत आहे. बाजरीच्या पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र नर वाणाचे, दुसरे मादी वाणाचे. परागकणात मात्र जोडीपैकी एकेकच जाते. यास अर्धसूत्री विभाजन म्हणतात. नवल असे की, तत्पूर्वी पेशी आपल्याच डीएनएचे दुहेरी धागे ठिकठिकाणी तोडते! एरवी असा छेद घातक ठरावा. येथे तो एसपीओ-११ या प्रथिनाकडून मुद्दाम केला जातो.

तुटलेला कासरा जोडताना आपण टोकाचे पीळ उकलतो; पेशीही छेदाजवळचा एक धागा काही अंतर झिजवून दुसरा मोकळा करते. आरएडी-५१ व डीएमसी-१ ही प्रथिने त्या मोकळ्या धाग्यास जोडीदार गुणसूत्रातील जुळत्या जागी नेतात व तेथील नमुन्यावरून तूट भरून निघते. मक्यात असे सुमारे पाचशे छेद होतात. त्यांपैकी वीसएक ठिकाणीच गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात, बाकीचे तशा अदलाबदलीविना सांधतात. सांधणी मुळीच न झाल्यास परागकण वांझ निघतात.

संकरित वाणाच्या प्रत्येक ताटात ही अदलाबदल होऊन नर व मादीचे गुण निरनिराळ्या प्रकारे विखुरतात. शेतातील सर्व ताटे एकाच घडणीची असल्याने त्यांच्या आपसांतील परागीभवनाने पुढील पिढीत संकराचा जोम सुमारे निम्म्याने ओसरतो. ताटे उंचसखल होतात, कणसे एकसारखी पक्व होत नाहीत, काही ताटांत तर परागच नसतो. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे.

ज्यांना घरचेच बियाणे राखावयाचे आहे, त्यांनी २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेल्या धनशक्तीसारखा सुधारित वाण निवडावा. तो संकरित नाही. शेजारी दुसरी बाजरी असल्यास कडेच्या ओळी सोडून, शेताच्या मध्यभागातील पुष्कळशा निरोगी ताटांची कणसे घ्यावीत. गोसावी रोगाची ताटे दिसताच उपटून नष्ट करावीत.