इंग्रजी वाक्यातील स्वल्पविराम : मराठी भाषकाने घ्यावयाची दक्षता

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• स्वल्पविराम हे श्वासाचे नव्हे, तर अर्थाचे चिन्ह आहे, हे सोदाहरण सांगता येईल.
• मराठी व इंग्रजी वाक्यांतील स्वल्पविरामाच्या वापरातील भेद स्पष्ट करता येईल.
• मराठीतून इंग्रजीत भाषांतर करताना होणाऱ्या नेहमीच्या चुका ओळखून दुरुस्त करता येतील.

सूचना : या घटकातील इंग्रजी वाक्ये वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापली आहेत. आपण ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावीत. लिहिताना स्वल्पविराम कोठे आहे व कोठे नाही, याकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्याने इंग्रजी स्वल्पविरामाची चिंता का करावी, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचे एक उत्तर छत्रपती संभाजीनगरातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ पासून या शहरात आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीतून कामकाज चालते. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी आहे. त्यामुळे पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, खरेदीखत, जबाब असे मराठी कागद खंडपीठापुढे ठेवावयाचे असले, की त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. हे काम उत्तम मराठी जाणणाऱ्याकडेच येते. आपल्यापैकी काही जण ते आज करीत असतील, काही जण उद्या करतील. अशा कागदात एक स्वल्पविराम चुकला, तर पक्षकाराचे म्हणणेच बदलू शकते.

'श्वास घ्यावासा वाटेल तेथे स्वल्पविराम द्यावा', असे आपण शाळेत ऐकलेले असते. मोठ्याने वाचण्यासाठी हा नियम उपयोगी पडतो. लिहिण्यासाठी तो पुरेसा नाही. पुढील दोन वाक्ये पाहा.

गणेश सर आले.
गणेश, सर आले.

पहिल्या वाक्यात गणेश हे शिक्षक आहेत. दुसऱ्या वाक्यात गणेश हा विद्यार्थी आहे आणि त्याला कोणीतरी सावध करीत आहे. शब्द तेच, क्रमही तोच. कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जोडावयाचा, एवढेच त्या चिन्हाने सांगितले. स्वल्पविरामाचे खरे कार्य हेच होय.

२. चिन्ह एक, सवयी दोन

मोडी लिपीतील जुन्या मराठी लेखनात स्वल्पविराम नव्हता. शब्दही बहुधा सलग लिहिले जात. आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात, मुद्रणाबरोबर आणि इंग्रजीच्या प्रभावाने मराठीत आली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

तोवर शतकानुशतके मराठी या चिन्हावाचून कशी चालली, याचा विचार करा. शब्दांचा परस्परसंबंध दाखविण्याची साधने मराठीने शब्दांच्या रूपातच ठेवली आहेत. 'मुलांनो आत या' या वाक्यात स्वल्पविराम गाळला, तरी 'मुलांनो' हे संबोधनाचे रूप आपले काम करते. 'जर' असला, की वाचक 'तर'ची वाट पाहतो. 'जो'पाठोपाठ 'तो' येतो. 'करून', 'असून', 'असता' ही रूपे एक क्रिया दुसरीशी बांधून ठेवतात. इंग्रजीजवळ अशी साधने थोडी आहेत. तेथे शब्दाचे वाक्यातील स्थान आणि विरामचिन्ह यांवर बरीच भिस्त असते. म्हणून मराठीत स्वल्पविराम चुकला, तर वाक्य बहुधा सावरते. इंग्रजीत ते अनेकदा अर्थ बदलते.

३. दक्षतेची पाच स्थळे

(अ) 'ज्या…, त्या…' या रचनेचे भाषांतर. सर्वांत धोक्याचे स्थळ हेच आहे. समजा, ग्रामसभेच्या ठरावात असे वाक्य आहे :

ज्या शेतकऱ्यांची पिके अतिवृष्टीने वाहून गेली, त्यांना भरपाई द्यावी.

येथे सर्व शेतकऱ्यांविषयी नव्हे, तर ज्यांची पिके गेली तेवढ्यांविषयीच मागणी आहे. मराठीत दोन उपवाक्यांच्या मध्ये स्वल्पविराम येतो आणि तो योग्यच आहे. आता भाषांतराचे दोन नमुने पाहा.

'द फार्मर्स हूज क्रॉप्स वेअर वॉश्ड अवे शुड बी कॉम्पेन्सेटेड.'
'द फार्मर्स, हूज क्रॉप्स वेअर वॉश्ड अवे, शुड बी कॉम्पेन्सेटेड.'

पहिल्या वाक्यात स्वल्पविराम नाही. त्याचा अर्थ मूळ ठरावाप्रमाणेच आहे : पिके गेली तेच शेतकरी. दुसऱ्या वाक्यात दोन स्वल्पविरामांनी मधला मजकूर बाजूला काढला आहे. त्याचा अर्थ असा होतो, की शेतकऱ्यांना भरपाई द्यावी. सगळ्यांचीच पिके गेली आहेत. मराठीतला स्वल्पविराम इंग्रजीत जसाच्या तसा नेल्याने मर्यादित मागणी सरसकट झाली. मग 'गावातील प्रत्येकाचे पीक गेले, हे दाखवा', असे समोरच्या वकिलाने म्हटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

यावरून नियम असा : उपवाक्य 'कोणते?' या प्रश्नाचे उत्तर देत असेल, तर इंग्रजीत स्वल्पविराम देऊ नये. ते केवळ अधिक माहिती देत असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावा. एकाच बाजूला दिलेला स्वल्पविराम ही तिसरी चूक होय.

(आ) दोन पूर्ण वाक्यांची जोडणी. 'पंचनामा झाला, भरपाई आली नाही.' हे वाक्य मराठीत सरळ आणि जोरकस आहे. इंग्रजीत 'द सर्व्हे वॉज कम्प्लीटेड, नो कॉम्पेन्सेशन केम' असे लिहिणे औपचारिक लेखनात चूक समजले जाते. कारण दोन स्वतंत्र वाक्यांचा भार एकटा स्वल्पविराम पेलू शकत नाही. येथे तीन उपाय आहेत : मध्ये पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा किंवा स्वल्पविरामानंतर 'बट'सारखे उभयान्वयी अव्यय घालावे. 'हाउएव्हर' हा शब्द मात्र 'बट'ची जागा घेऊ शकत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये तो आला, तर त्याच्यापूर्वी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम हवा.

(इ) 'जर-तर'. 'जर नदीला पूर आला, तर पूल बंद होईल.' इंग्रजीत 'तर'साठी बहुधा शब्द योजत नाहीत. ते काम स्वल्पविराम करतो : 'इफ द रिव्हर फ्लड्स, द ब्रिज विल बी क्लोज्ड.' क्रम उलटा केला, तर 'इफ' हाच सांधा दाखवितो आणि स्वल्पविरामाची सहसा गरज उरत नाही : 'द ब्रिज विल बी क्लोज्ड इफ द रिव्हर फ्लड्स.'

(ई) कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये. कर्ता लांबला, की आपण थांबतो आणि नकळत स्वल्पविराम देतो : 'दि अ‍ॅप्लिकेशन सबमिटेड बाय द व्हिलेजर्स ऑन मंडे, वॉज रिजेक्टेड.' हा स्वल्पविराम काढून टाकावा. कर्ता कितीही लांब असला, तरी त्याला त्याच्या क्रियापदापासून एकट्या स्वल्पविरामाने तोडू नये. त्याचप्रमाणे मराठीत 'त्यांनी सांगितले, की…' असे आपण लिहितो. इंग्रजीत 'ही सेड दॅट…' असे सलग लिहावे. 'दॅट'च्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम नको.

(उ) यादीतील शेवटचा शब्द. संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्याच्या पाच बाबी सांगितल्या आहेत. त्यांतील पहिल्या चार स्वल्पविरामांनी वेगळ्या केल्या आहेत. शेवटच्या बाबीपूर्वी इंग्रजीत 'अँड' व मराठीत 'व' आहे, तेथे स्वल्पविराम नाही. आपल्याकडील कार्यालयीन इंग्रजीत हीच पद्धत अधिक दिसते. अमेरिकेतील अनेक प्रकाशनांत 'अँड'पूर्वीही स्वल्पविराम देतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. मात्र एका लेखनात एकच पद्धत पाळावी आणि अर्थ संदिग्ध होत असेल, तेथे 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम अवश्य द्यावा.

४. न्यायालयातील दोन प्रसंग

हा बारकावा केवळ व्याकरणाच्या तासापुरता नाही, हे पुढील दोन उदाहरणांवरून कळेल.

पहिले उदाहरण महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्या, १९७९ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या खटल्याचे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या तत्कालीन कलम २७ मध्ये शिक्षापात्र कृत्यांची यादी होती : 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एग्झिबिट्स फॉर सेल…'. आरोपीजवळ औषधी गोळ्यांचा साठा सापडला होता. नुसता साठा बाळगणे हा या कलमाखाली गुन्हा होतो काय, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले, की 'स्टॉक्स' या शब्दानंतर स्वल्पविराम नाही. म्हणून 'फॉर सेल' हे शब्द 'एग्झिबिट्स'प्रमाणेच 'स्टॉक्स'लाही लागू होतात आणि साठा विक्रीसाठी होता, हे सिद्ध करणे आवश्यक ठरते. ते सिद्ध झाले नव्हते. आरोपीची शिक्षा रद्द झाली. नसलेल्या स्वल्पविरामाने एका माणसाला मोकळे केले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मेन राज्याचे आहे. जादा कामाच्या वाढीव वेतनातून वगळलेल्या कामांची यादी तेथील कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचे म्हणणे असे, की येथे वगळलेले काम एकच आहे, ते म्हणजे बांधणी. मग ती पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. आपण वितरण करतो, बांधणी करीत नाही. म्हणून वाढीव वेतन आपल्याला मिळाले पाहिजे. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता मान्य करून चालकांच्या बाजूने कौल दिला. २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

न्यायालये केवळ विरामचिन्हावर निर्णय देतात, असा याचा अर्थ नाही. कायद्याचा हेतू आणि संदर्भ त्यांना अधिक महत्त्वाचे वाटतात. परंतु शब्द दोन अर्थांकडे ओढू लागतात, तेव्हा हे चिन्हही साक्ष देते. आपण केलेल्या भाषांतराकडूनही ती साक्ष मागितली जाऊ शकते.

५. सारांश

स्वल्पविराम शब्दांचे नाते दाखवितो. मराठीत ते नाते बरेचसे शब्दांच्या रूपांतून कळते, इंग्रजीत स्थान व चिन्ह यांतून कळते. म्हणून मूळ मराठी वाक्यातील स्वल्पविराम इंग्रजीत उचलून नेऊ नये. आधी वाक्याचा अर्थ ठरवावा, इंग्रजी वाक्य रचावे आणि मगच चिन्हे द्यावीत. शेवटी प्रत्येक स्वल्पविरामावर बोट ठेवून 'हा काढला तर अर्थ बदलेल काय?' असे स्वतःला विचारावे.

६. स्वयं-अध्ययन प्रश्न

१) 'ज्या विद्यार्थ्यांनी शुल्क भरले, त्यांना ओळखपत्र मिळेल.' या वाक्याच्या इंग्रजी भाषांतरात 'हू'पूर्वी स्वल्पविराम द्यावा काय? सकारण सांगा.
२) 'द बस वॉज लेट, वुई मिस्ड दि एग्झाम.' हे वाक्य दोन प्रकारे दुरुस्त करा.
३) आपल्या घरातील एखादा मराठी कागद घ्या. त्यातील तीन वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा आणि प्रत्येक स्वल्पविरामाचे कारण समासात लिहा.

उत्तरे : १) देऊ नये. 'ज्यांनी शुल्क भरले' हे उपवाक्य 'कोणते विद्यार्थी?' या प्रश्नाचे उत्तर देते. स्वल्पविराम दिल्यास सर्वच विद्यार्थ्यांनी शुल्क भरले, असा अर्थ होईल. २) 'लेट'नंतर पूर्णविराम द्यावा, किंवा स्वल्पविराम ठेवून त्यापुढे 'अँड' अथवा 'सो' घालावे. ३) या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असेल, ते संपर्कसत्रात आपल्या समंत्रकांना दाखवावे.